गाउन वाचायला शिकताना: फॅशनच्या नव्या चाहत्यांसाठी पुण्यातून सुरुवात

रनवेवरचे संग्रह आणि रेड कार्पेटवरचे गाउन यांची गोडी नुकतीच लागलेल्या माणसाची पहिली धाव नावांकडे असते. डिओर, बालेंसिआगा, स्किआपारेली, व्हॅलेंटिनो ही फॅशन घराण्यांची नावे महिन्याभरात तोंडपाठ होतात आणि कोणत्या अभिनेत्रीने कोठे काय घातले होते हेही लक्षात राहते. परंतु समोरचा गाउन चांगला का आहे, असे कोणी विचारले की ‘सुंदर आहे’ यापलीकडे शब्द सुचत नाहीत. मी स्वतः जवळजवळ तीन वर्षे याच अवस्थेत काढली. त्यातून बाहेर पडण्याची जी वाट मला सापडली ती रविवार पेठेतून गेली, आणि तीच येथे क्रमाने मांडत आहे: आधी कापड हाताला कळावे, मग बेत, म्हणजे कापड कसे कापून मांडले आहे ते, डोळ्यांना दिसावा आणि नाव त्यानंतर यावे. त्यासाठी फॅशनची पदवी लागत नाही, परदेशी जावे लागत नाही आणि एकही महागडा कपडा विकत घ्यावा लागत नाही. आपल्याकडे गाउन म्हटले की घरात घालायचा सुती गाउन डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र हा शब्द समारंभात घालायच्या पायघोळ पोशाखासाठीच वापरला आहे.

पहिली पायरी: कापड हाताळणे

आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दुकाने उघडून थोडाच वेळ झालेला असताना, लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेत जावे. सणासुदीचे दिवस आणि लग्नसराईतले शनिवार-रविवार टाळावेत, कारण त्या गर्दीत दुकानदाराला ताके उलगडून दाखवायला उसंत नसते. सॅटिन, क्रेप, शिफॉन, ऑर्गंझा, टॅफेटा, वेल्वेट, नेट आणि मांजरपाट यांचा प्रत्येकी अर्धा मीटर मागावा. अर्धा मीटर कापून देण्यास कोणी तयार नसेल तर कटपीस मागावेत. कापड कशासाठी हवे आहे हे मोकळेपणाने सांगावे. शिकण्यासाठी हवे आहे म्हटल्यावर उत्साहाने चार ताके अधिक उलगडणारे दुकानदार मला अनेकदा भेटले आहेत.

घरी आल्यावर प्रत्येक तुकडा खुर्चीच्या पाठीवर टाकून त्याच्या घड्या कशा पडतात ते पाहावे, मुठीत चुरगळून सोडावा आणि खिडकीसमोर उजेडात धरावा. शिफॉन खाली ओघळते, तर ऑर्गंझा जेथे ठेवाल तेथे ताठ उभे राहते. टॅफेटाची सळसळ कानांना ऐकू येते. वेल्वेटवर एका दिशेने हात फिरवला तर रंग गडद होतो आणि उलट फिरवला तर फिका दिसतो. ही ओळख एकदा हाताला झाली की छायाचित्रातल्या गाउनचा फुगीर खांदा कशाच्या बळावर उभा आहे आणि मागे जमिनीवर लोळणारी झूल पाण्यासारखी का वाहते आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

यानंतर एक साधा प्रयोग करावा, आणि तो घाईने करू नये. एक सुती रुमाल घ्यावा आणि समोरासमोरच्या दोन कडा दोन हातांत धरून ओढावा. रुमाल जवळजवळ ताणला जात नाही. आता त्याचेच तिरक्या रेषेवरचे दोन कोपरे धरून ओढावेत. रुमालाचा मधला भाग लांबतो, अरुंद होतो आणि सोडल्यावर पुष्कळसा पूर्ववत होतो. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात धरून असतात, त्यामुळे धाग्याच्या दिशेने ओढ दिली तर धागाच ती अडवतो. तिरक्या दिशेला मात्र एकही धागा धावत नाही, म्हणून धाग्यांमधले बारीक चौकोन कलंडतात आणि कापड अंगासारखे वळते. आपले शिंपी या तिरक्या बेताला उरेब म्हणतात. ब्लाऊजच्या गोल गळ्याला लावलेली उरेब पट्टी चुणी न पडता वळते ती याच कारणामुळे.

मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरने १९१२ मध्ये पॅरिसमध्ये आपले दालन उघडले आणि उरेब केवळ पट्टीपुरता न ठेवता अख्खा गाउनच त्या दिशेने बेतला. लाकडाच्या लहानशा बाहुलीवर कापड गुंडाळून ती बेत ठरवीत असे. १९३० च्या दशकातले अंगावरून ओघळणारे सॅटिनचे गाउन आणि आजही रेड कार्पेटवर दिसणारे त्यांचे असंख्य वंशज या एका विचारातून आले आहेत. असा गाउन दिसायला अगदी साधा असतो, पण त्याला कापड जास्त लागते, आणि बेतल्यानंतर तो टांगून ठेवून, कापड जेवढे ओघळायचे तेवढे ओघळू देऊन, मगच खालची कड सारखी करावी लागते.

हे मी किंमत मोजून शिकले आहे. मावसबहिणीच्या स्वागत समारंभासाठी मी शहरातल्या एका बुटिकमध्ये असाच सॅटिनचा गाउन छायाचित्र दाखवून शिवून घेतला. हॉलवर पोहोचेपर्यंत कमरेखाली आडव्या सुरकुत्या उमटल्या होत्या, बसताना बाजूची शिवण ओढली जात होती, आणि संध्याकाळभर मी उभीच राहिले. पुढच्या आठवड्यात तो गाउन घेऊन मी सदाशिव पेठेतल्या एका वयस्क शिंपीमास्तरांकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, चष्मा वर सरकवून शिवणीजवळचा धागा नखाने दाखवला आणि म्हणाले, “ताई, हे उभं बेतलंय. फोटोतलं उरेबात आहे. साडेतीन मीटरचं काम अडीच मीटरात बसवलं की असंच होणार.” त्या दिवसापासून मी कोणत्याही गाउनच्या छायाचित्रात प्रथम धाग्याची दिशा शोधते.

दुसरी पायरी: घरचे कपाट आणि केळकर संग्रहालय

घरात आईची किंवा आजीची हातमागाची पैठणी असेल तर तिचा पदर उलटा करून पाहावा. पैठणीची नक्षी भरतकामाची नसते. प्रत्येक रंगाचा बाणा नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या रंगात अडकवत ती मागावरच विणली जाते, त्यामुळे अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला सुट्या धाग्यांचे लोंबते जाळे असते किंवा ते कापल्याच्या खुणा असतात. पैठण आणि येवल्याच्या या वस्त्राला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कपडा उलटा करून पाहण्याची ही सवय पॅरिसच्या उंची फॅशनलाही तितकीच लागू पडते, कारण तेथेही कारागिरीची पारख आतल्या बाजूनेच होते.

नऊवारी नेसवताना एकदा नीट पाहावे, किंवा कोणी शिकवणारे असेल तर स्वतः नेसून पाहावे. कात्री न लावता, केवळ निऱ्या, ओचा आणि कासोटा यांच्या बळावर एक सपाट कापड देहाचा आकार घेते. शरीरावर कापड थेट मांडून आकार शोधण्याच्या पद्धतीला परदेशात ड्रेपिंग म्हणतात. मादाम ग्रे या फ्रेंच डिझायनरने रेशमी जर्सी या लवचीक कापडाच्या अत्यंत बारीक चुण्या हाताने घालून ग्रीक पुतळ्यांसारखे गाउन घडवले. ज्याने निऱ्या घातल्या आहेत त्याला तिच्या कामातली मेहनत सांगावी लागत नाही.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वस्त्रांसाठी म्हणून वेगळी फेरी मारावी. बहुतेक लोक दिवे, अडकित्ते आणि मस्तानी महाल पाहून बाहेर पडतात, परंतु तेथील जुनी वस्त्रे आणि भरतकाम यांच्यापुढे अर्धा तास थांबण्यासारखे आहे. काचेतून टाके मोजता येतात, आणि नजर तयार होते ती अशा थांबण्याने.

तिसरी पायरी: शब्द आणि पंचांग

काही शब्दांचे अर्थ सुरुवातीलाच पक्के करावेत, कारण त्यांचा आपल्याकडे फार सैल वापर होतो. ‘ओत कुतूर’ म्हणजे कोणताही महाग पोशाख नव्हे. १९४५ पासून फ्रान्समध्ये हे नाव कायद्याने संरक्षित आहे, आणि पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा, ठरावीक संख्येने पूर्णवेळ कारागीर व वर्षातून दोन संग्रह या अटी पाळणाऱ्या घराण्यांनाच ते वापरता येते. बाहेरच्या काही डिझायनरांना पाहुणे सदस्य म्हणून बोलावले जाते. या परंपरेचा आरंभ चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसापासून मानतात. त्याने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये दालन थाटले आणि गिऱ्हाईक सांगेल ते शिवण्याऐवजी स्वतःचे नमुने गिऱ्हाइकापुढे ठेवले.

या कार्यशाळांना ‘आतेलिए’ म्हणतात. त्यांचे साधारण दोन भाग असतात: जाकिटे व कोट यांचे कडक बेतकाम एका भागात होते आणि ओघळत्या कापडाचे काम दुसऱ्यात. खरे कापड कापण्यापूर्वी मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात जो नमुना शिवतात त्याला ‘तोआल’ म्हणतात. हा शब्द विसरू नये, शेवटच्या पायरीवर तो पुन्हा लागणार आहे.

पंचांग असे आहे. ओत कुतूर जानेवारीत आणि जुलैत पॅरिसला दाखवतात. स्त्रियांचे तयार कपडे, म्हणजे रेडी-टू-वेअर, फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन हंगामांत न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या क्रमाने येतात. पुरुषांचे मुख्य शो जानेवारीत आणि जूनमध्ये होतात. रिसॉर्ट (सुट्टीतल्या प्रवासासाठीचे) आणि प्री-फॉल (शरद हंगामाआधीचे) हे संग्रह यांच्या मधल्या काळात दाखवले जातात. मार्चमध्ये दाखवलेले कपडे त्याच वर्षीच्या हिवाळ्याचे आणि सप्टेंबरमधले पुढच्या उन्हाळ्याचे असतात, हे लक्षात ठेवले नाही तर वर्षांचा घोळ होतो. जानेवारीत पॅरिसची घड्याळे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात आणि जुलैत साडेतीन तास, त्यामुळे तेथील दुपारचे शो पुण्यात कामावरून घरी परतल्यावर थेट पाहता येतात. मोठी घराणी ते स्वतःच विनामूल्य प्रक्षेपित करतात.

चौथी पायरी: एक संग्रह तीन वेळा पाहणे

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे एका संध्याकाळी दहा शो पाहणे. एकच संग्रह घ्यावा आणि तो तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावा.

पहिल्या वेळी चित्रफीत न थांबवता सलग पाहावी, काहीही लिहू नये. संगीत, प्रकाश, मॉडेलांची चाल आणि एकामागून एक येणारे रंग यांतून जो परिणाम होतो तो होऊ द्यावा. डिझायनराने क्रम विचारपूर्वक लावलेला असतो. पहिला पोशाख बहुधा संपूर्ण संग्रहाची दिशा सांगतो, आणि ओत कुतूरमध्ये शेवटी वधूवेष आणण्याची जुनी प्रथा आहे.

दुसऱ्या वेळी स्थिरचित्रे घ्यावीत आणि केवळ बाह्याकृती पाहावी. रंग व नक्षी विसरण्यासाठी डोळे किंचित मिटून पाहणे उपयोगी पडते. खांदा रुंद आहे की उतरता, कंबर नैसर्गिक जागी आहे की वर किंवा खाली सरकवली आहे, घेर कोठून सुटतो, लांबी कोठे संपते, हे चार प्रश्न प्रत्येक पोशाखाला विचारावेत. बहुतेक मोठ्या संग्रहांत यातली एखादीच गोष्ट बदललेली असते, आणि त्या एका बदलाने सगळे नवे दिसते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे क्रिस्तिआँ डिओर यांचा १२ फेब्रुवारी १९४७ रोजी दाखवलेला पहिला संग्रह. युद्धकाळात कापडावर निर्बंध होते, त्यामुळे खांदे चौकोनी व स्कर्ट आखूड आणि अरुंद झाले होते. डिओर यांनी खांदे उतरते केले, कंबर आवळली आणि घेरदार स्कर्ट पोटरीपर्यंत खाली आणला. त्या संग्रहातले ‘बार’ नावाचे जाकीट हस्तिदंती रंगाच्या रेशमाचे आहे. त्याचा कमरेखालचा भाग आतून भरून फुगवलेला आहे आणि त्याखाली काळा, चुणीदार लोकरी स्कर्ट आहे. छायाचित्रात कमरेच्या शिवणीकडे पाहावे. कंबर बारीक दिसते ती केवळ आवळल्यामुळे नव्हे, तर तिच्या लगेच खाली कापड एकदम बाहेर फेकल्यामुळे. अमेरिकी फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

याच्या शेजारी क्रिस्तोबाल बालेंसिआगा यांचे काम ठेवून पाहावे. १९५७ मधल्या त्यांच्या पोत्यासारख्या सैल ड्रेसने कंबरच काढून टाकली. १९५८ मध्ये आब्राहाम या स्विस कापड कंपनीबरोबर त्यांनी गझार हे ताठ रेशीम विकसित करून घेतले, आणि मग आतल्या सांगाड्याशिवाय उभे राहणारे आकार त्यांना शक्य झाले. डिओर कापडाला आतून आधार देतात, तर बालेंसिआगा आधार देणारे कापडच शोधतात. माझ्या मते एवढा एक फरक डोळ्यांना दिसू लागला की नवशिका हा नवशिका राहत नाही.

तिसऱ्या वेळी बारकावे पाहावेत: शिवणी कोठे लपवल्या आहेत, काठ कसा दुमडला आहे, बाहीचा मुंढा किती वर आहे, भरतकाम शिवणीवरून अखंड गेले आहे की तेथे तुटले आहे. नक्षी शिवणीवर जुळलेली असेल तर कपडा बेतण्याआधी प्रत्येक तुकड्यावरची तिची जागा मोजलेली असते किंवा शिवल्यानंतर जोडावर हाताने टाके घातलेले असतात.

पहिले सहा महिने एकाच डिझायनरला द्यावेत. कोणाला घ्यावे हे आपापल्या ओढीवर सोडावे. कडक बेतकाम आवडत असेल तर १९६६ मध्ये स्त्रियांसाठी पुरुषी धाटणीचा ‘ल स्मोकिंग’ हा समारंभाचा सूट दाखवणारे इव्ह साँ लोराँ घ्यावेत. कापडाच्या तंत्राचे कुतूहल असेल तर इस्से मियाके यांच्यासारखे दुसरे कोणी नाही. १९९३ मध्ये आलेल्या त्यांच्या प्लीट्स प्लीज या मालिकेत कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवतात आणि मग उष्णता व दाब देऊन संपूर्ण कपड्यालाच चुण्या पाडतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या क्रमाच्या अगदी उलट. सौंदर्याच्या रूढ कल्पनाच तपासून पाहायच्या असतील तर १९८१ मध्ये पॅरिसला आलेल्या रेई कावाकुबो यांच्यापासून सुरुवात करावी. ज्याला रनवे हे नाटकासारखे अनुभवायचे आहे त्याने अलेक्झांडर मॅक्वीन यांचा १९९९ च्या उन्हाळ्यासाठीचा संग्रह पाहावा: शेवटी शॅलम हार्लो ही मॉडेल फिरत्या चौथऱ्यावर उभी राहते आणि दोन यंत्रमानव तिच्या पांढऱ्या ड्रेसवर रंग फवारतात. मी तो अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी शेवटच्या त्या मिनिटाला माझा श्वास रोखला जातो.

पाचवी पायरी: रेड कार्पेटवरचा गाउन

रनवे आणि रेड कार्पेट या दोन वेगळ्या जागा आहेत. रनवेवर कपडा चालतो आणि काही सेकंदांत निघून जातो. रेड कार्पेटवर तो उभा राहतो, वळतो, पायऱ्या चढतो आणि अनेक कॅमेऱ्यांच्या प्रखर झोतात तासभर टिकतो. म्हणून येथे आधी तीन गोष्टी शोधाव्यात. गाउन त्या व्यक्तीसाठी खास बेतला आहे, रनवेवरून थेट आणला आहे, की जुन्या संग्रहातून काढला आहे? स्टायलिस्ट, म्हणजे पोशाख निवडून देणारी व्यक्ती, कोण आहे? आणि बसल्यावर, वळल्यावर तो कसा वागतो? शेवटच्या प्रश्नासाठी छायाचित्रे पुरत नाहीत, चित्रफीतच पाहावी लागते.

सुरुवातीला २००२ च्या ऑस्करमधला अभिनेत्री हॅले बेरीचा, एली साब या डिझायनरने केलेला गाउन घ्यावा. वरच्या पारदर्शक नेटवर भरलेली फुलांची नक्षी झाकायचे तेवढेच झाकते, आणि खाली गडद तांबड्या रंगाचा टॅफेटाचा घेर आहे. घरातले टॅफेटा आणि नेट हाताशी घेऊन हे छायाचित्र पाहावे. रनवेवरून थेट आलेल्या गाउनसाठी १९९७ च्या ऑस्करमधली निकोल किडमन पाहावी: जॉन गॅलियानो यांनी डिओरसाठी केलेल्या पहिल्या ओत कुतूर संग्रहातला तो पिवळसर हिरवा, भरतकाम केलेला गाउन होता. जुन्या संग्रहातल्या पोशाखासाठी ज्युलिया रॉबर्ट्सने २००१ मध्ये घातलेला व्हॅलेंटिनोचा काळा-पांढरा गाउन पाहावा, जो १९९२ चा होता. रेड कार्पेट म्हणजे गाउनच, असेही मानू नये. १९७८ मध्ये डायन कीटन यांनी ऑस्कर स्वीकारला तो जॉर्जिओ अरमानी यांच्या जाकिटात. खांद्यातला भरणा आणि आतला ताठ कॅनव्हास कमी करून जाकीट अंगावर सैल पडू देणे ही अरमानी यांची देणगी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा रेड कार्पेट अधिक जवळचा वाटतो. २००२ मध्ये ऐश्वर्या राय तेथे डिझायनर नीता लुल्ला यांनी सजवलेल्या सोनेरी पिवळ्या साडीत गेली होती. २०२५ मध्ये कानच्या आयोजकांनी नग्नतेला आणि ये-जा अडवणाऱ्या लांबलचक झुलीच्या पोशाखांना मनाई केली. त्यामुळे त्या वर्षीचे गाउन पाहताना हा नियम ध्यानात ठेवावा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी होणाऱ्या मेट गाला या निधिसंकलन सोहळ्यात मात्र लांब झुलीला मुभा असते. तेथे २०२४ मध्ये आलिया भट्टने डिझायनर सब्यसाची यांची फिकट हिरवी साडी नेसली होती. तिची झूल २३ फुटांची होती, आणि १६३ जणांनी मिळून तिच्यासाठी १,९६५ तास काम केल्याचे जाहीर करण्यात आले. पुढच्या वेळी कोणी साडीला ‘साधी’ म्हणेल तेव्हा हा आकडा सांगावा.

वेळेचे गणित सोपे आहे. ऑस्कर सोहळा लॉस एंजेलिसला रविवारी संध्याकाळी होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट असते. मेट गाला मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्याचे रेड कार्पेट पुण्यात मंगळवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरू होते. गजर लावून उठणे शक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी पाहिले तरी चालते, मात्र इतरांची मते वाचण्याआधी स्वतःचे मत लिहून ठेवावे.

सहावी पायरी: आपल्या माणसांची कामे ओळखणे

मराठी वाचकाने या क्षेत्रातले पहिले नाव शिकावे ते भानू अथय्या यांचे. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात १९२९ मध्ये जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या भानूताईंना १९८३ मध्ये ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पोशाख हा माणसाचा काळ, वर्ग आणि स्वभाव सांगतो, ही समज त्यांच्या कामाने येते, आणि ती रनवे पाहतानाही लागते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांचे खेळ होतात. तेथे एखादा चित्रपट केवळ कपड्यांसाठी पाहावा.

आजच्या डिझायनरांपैकी राहुल मिश्रा यांनी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळवले आणि जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर सप्ताहात संग्रह दाखवणारे ते पहिले भारतीय डिझायनर ठरले. त्यांचे भरतकाम जवळून दाखवणारी छायाचित्रे शोधून पाहावीत. वैशाली शडांगुळे २०२१ मध्ये तेथे पोहोचल्या. हातमागाच्या कापडांवर त्यांचे काम उभे आहे, आणि आपल्या आजीच्या चोळीचा खण त्यांच्या संग्रहांत वेगळ्याच रूपात भेटतो. गौरव गुप्ता यांनी जानेवारी २०२३ मध्ये तेथे पदार्पण केले. आपल्याकडचा कुतूर सप्ताह जुलैत दिल्लीला होतो.

श्रेय हा या पायरीवरचा गंभीर विषय आहे. पाश्चात्त्य घराण्यांचे कितीतरी भरतकाम भारतात होते आणि पुष्कळदा ते निनावी राहते. म्हणूनच ३० मार्च २०२३ रोजी डिओरने मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, मागे हाताने भरलेले भव्य तोरण उभारले आणि चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट या भरतकाम शिकवणाऱ्या संस्थेतल्या कारागीर स्त्रियांचे काम उघडपणे पुढे आणले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. याच्या उलट, जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन घराण्याच्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख कोठेच नव्हता. २०१९ पासून या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर प्राडाने हे मूळ मान्य केले, त्यांची माणसे कोल्हापूरला येऊन गेली, आणि पुढे कारागिरांबरोबर काम करण्याचा करारही झाला. कोणताही संग्रह पाहताना हे कापड कोठे विणले, हा टाका कोणाचा, असे विचारण्याची सवय लावावी. आपण कारागिरांच्या मुलखात राहतो, आपण विचारले नाही तर दुसरे कोण विचारणार?

सातवी पायरी: वही आणि मांजरपाट

एक जाड, कोऱ्या पानांची वही करावी. पहिल्या पायरीवर आणलेल्या प्रत्येक कापडाचा बोटभर तुकडा तीत चिकटवून खाली नाव, भाव आणि दुकान लिहावे. त्यानंतर आठवड्याला एकच गाउन घ्यावा: डाव्या पानावर त्याचे पेन्सिलीने काढलेले साधे रेखाचित्र आणि उजव्या पानावर कापड, धाग्याची दिशा, शिवणी, आधार आणि स्वतःचे मत. चित्रकला येत नसली तरी हात चालवावा. रेखाटताना जी शिवण कोठे जाते हे कळत नाही, ती आपण पाहिलेलीच नसते.

वर्षभरानंतर एखादा आवडता गाउन शिवून घ्यावासा वाटेल, आणि वाटावाच. तेव्हा छायाचित्रासोबत ही वही घेऊन मास्तरांकडे जावे आणि प्रथम मांजरपाटात शिवून द्या, असे सांगावे. या वेगळ्या कामाची मजुरी विनातक्रार द्यावी. शिवून आलेला हा नमुना, म्हणजेच तोआल, घालून बसावे, हात डोक्यावर न्यावेत, दोन जिने चढून उतरावेत आणि जेथे ओढ बसते तेथे मास्तरांकडून खडूने खूण करून घ्यावी. मात्र मांजरपाट सॅटिनसारखे ओघळत नाही, म्हणून उरेब गाउनचा दुसरा नमुना खऱ्या कापडाच्याच वजनाच्या स्वस्त सॅटिनमध्ये करावा आणि दोन रात्री हँगरवर टांगून ठेवावा. त्यानंतर दोन्ही नमुन्यांवरच्या खुणा जुळवून, शिवणी उसवून, ते तुकडे खऱ्या कापडावर उरेब धरून मांडावेत. कापड पुरत नसेल तर आणखी एक मीटर आणावे. तुकडे फिरवून उभे बसवू नयेत.